चैनीवर किती खर्च करावा? हाताशी उरणाऱ्या पैशाचा धम्मविचार



मागच्या वर्षावासातली गोष्ट. इंदापूर तालुक्यातल्या एका गावच्या विहारात रविवारची वंदना झाली आणि चपला घालताना एका मुलाने मला थांबवले. वय पंचवीसच्या आसपास. बारामती एमआयडीसीत कामाला. म्हणाला, "ताई, बुलेट घ्यायचीय. पगारात हप्ता बसतोय. पण मंडळातली पोरं म्हणत्यात, समाजाला द्यायला पैसा नाही अन् बुलेटला हाय व्हय? घेऊ का नको?"

त्याला मी लगेच उत्तर दिले नाही. कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नव्हता. आपल्या आईवडिलांच्या पिढीला हा प्रश्न पडतच नव्हता. उरतच नव्हते, तर ठरवायचे काय? आज आपल्यातल्या बऱ्याच तरुणांच्या हातात, थोडा का होईना, खर्च भागून पैसा उरतो. तो कपड्यांवर, मोबाइलवर, गाडीवर, फिरण्यावर किती घालावा आणि समाजासाठी, शिक्षणासाठी, अडीनडीसाठी किती ठेवावा, याची एकत्र माहिती देणारा हा लेख आहे.

हा प्रश्न कोणाचा आहे, कोणाचा नाही

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. "उरलेला पैसा" म्हणजे हातात येणाऱ्या पगारातून घरभाडे, किराणा, गॅस, लाइटबिल, औषधपाणी, मुलांची शाळा, कामावर जाण्यायेण्याचा खर्च आणि आधीच्या कर्जाचे हप्ते वजा करून जे राहते ते. पगारपत्रकावरचा आकडा म्हणजे उरलेला पैसा नव्हे.

केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणात ग्रामीण भारतात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ४,१२२ रुपये आणि शहरी भागात ६,९९६ रुपये निघाला. ग्रामीण घराच्या खर्चातला सुमारे ४७ टक्के वाटा एकट्या खाण्यापिण्यावर जातो. म्हणजे चार माणसांच्या साध्या ग्रामीण घराला महिन्याला साडेसोळा हजार रुपये लागतात. ज्या घरात दोघे मिळून रोजंदारीवर एवढे कसेबसे मिळवतात, त्या घराला चैनीबद्दल उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या, दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणाऱ्या बाईने जत्रेत पन्नास रुपयांच्या बांगड्या भरल्या, तर ती उधळपट्टी ठरत नाही.

हा लेख आहे तो शिक्षक, नर्स, बँक कर्मचारी, पोलीस, कारखान्यातला कायम किंवा बरा पगार असलेला कंत्राटी कामगार, पुण्यात आयटीत काम करणारा, छोटा व्यावसायिक अशांसाठी. ज्यांच्याकडे निवड करण्याइतके उरते, त्यांच्यासाठी.

चैन ज्यांना नाकारली होती

आपल्या समाजात चांगल्या कपड्यांचा आणि दागिन्यांचा प्रश्न इतरांसारखा साधा नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शूद्राने ऐपत असली तरी धनसंचय करू नये असे सांगितले आहे. त्याच अध्यायात चांडाळांनी प्रेतावरची वस्त्रे वापरावीत, फुटक्या भांड्यात खावे आणि लोखंडाचे दागिने घालावेत असे नियम आहेत. गरिबी इथे नुसती परिस्थिती नव्हती. ती कायदा म्हणून लादलेली होती.

हे केवळ पोथीत राहिले नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' या नियोजित भाषणात तेव्हाच्या ताज्या घटना नोंदवल्या आहेत. इंदूर भागातल्या बलाई समाजाला सवर्णांनी १९२८ च्या सुमारास फर्मान काढले. त्यांनी जरीकाठी पगडी घालायची नाही, रंगीत काठाचे धोतर नेसायचे नाही, त्यांच्या बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. जयपूर संस्थानातल्या चकवारा गावी एका अस्पृश्याने जेवणात तूप वाढले, म्हणून जेवणारांवर हल्ला झाला. पैसा त्याचा, तूप त्याचे, पाहुणे त्याचे. गुन्हा एवढाच की त्याने तूप खाल्ले.

म्हणून डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब जमलेल्या स्त्रियांशी लुगडे नेसण्याच्या पद्धतीबद्दल आणि दागिन्यांबद्दल बोलले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. जातीची खूण ठरलेले कथलाचे, चांदीचे जड गळ्यातले आणि कोपरापर्यंतच्या पाटल्या टाका, नीट लुगडे नेसा, स्वच्छ राहा, असे त्यांचे सांगणे होते. घाला की घालू नका, यापेक्षा त्यांचा रोख वेगळा होता. अंगावरची वस्तू आपल्याला वर उचलते की खाली ठेवते, हे ते विचारत होते.

स्वतः बाबासाहेब उत्तम सुटाबुटात राहिले. फाउंटन पेनांची त्यांना आवड होती. कोलंबियात शिकताना त्यांनी जुन्या बाजारातून सुमारे दोन हजार पुस्तके घेतली. दादरच्या हिंदू कॉलनीतले 'राजगृह' त्यांनी पुस्तकांचा विचार करून बांधले. याच माणसाने लंडनमध्ये अर्धपोटी राहून अभ्यास केला आणि त्याच काळात रमाईने इकडे अतिशय ओढगस्तीत संसार चालवला. म्हणून "बाबासाहेब सूट घालायचे, मग मी का नको" एवढे अर्धे उदाहरण देऊन चालत नाही. उदाहरण द्यायचे तर पूर्ण द्यावे लागते.

माझ्या आईची गोष्ट सांगते. मी पहिल्या नोकरीच्या तिसऱ्या महिन्यात तिला सोन्याची कानातली फुले घेतली. वाढलेल्या पेट्रोलच्या दिवसांत तो खर्च मला परवडणारा नव्हता. आयुष्यभर दुसऱ्याच्या उसात खुरपणी केलेली ती बाई ती फुले घालून, काही काम नसताना, गावातल्या किराणा दुकानापर्यंत चालत गेली आणि काडेपेटी घेऊन परत आली. त्या खर्चाला चैन म्हणायचे की आणखी काही, हे मला समाजशास्त्राच्या एमएने शिकवले नाही.

बुद्धाने गृहस्थाला काय सांगितले

धम्म म्हणजे त्याग, म्हणून चांगले कपडे घालणारा कच्चा बौद्ध, असा समज आपल्यात आहे. तिपिटकातली गृहस्थांसाठीची सुत्ते वाचली तर तो टिकत नाही. भिक्खूचे नियम वेगळे, उपासकाचे वेगळे.

अंगुत्तर निकायात दीघजाणू नावाच्या कोलिय तरुणाचे सुत्त आहे. तो भगवंतांना सरळ सांगतो की आम्ही संसारी माणसे आहोत, बायकामुलांत राहतो, काशीचे चंदन वापरतो, फुलांच्या माळा आणि सुगंध लावतो, सोनेनाणे घेतो. आमच्या हिताचे काय ते सांगा. भगवंत त्याला चंदन सोडायला सांगत नाहीत. ते चार गोष्टी सांगतात:

- उट्ठानसंपदा: कष्टाने आणि कौशल्याने कमावणे.
- आरक्खसंपदा: कमावलेले राखणे.
- कल्याणमित्तता: चांगल्यांची संगत.
- समजीविता: मिळकत आणि खर्च यांचा तोल.

समजीविता समजावताना तराजूचे उदाहरण येते. तराजू धरणाऱ्याला जसे कोणते पारडे किती झुकले हे कळते, तसे गृहस्थाला आपले जमाखर्च कळले पाहिजेत. कमी मिळवून थाटात राहणाऱ्याला तिथे दोष दिला आहे. आणि भरपूर मिळवून उपाशी मरणाऱ्यासारखा राहणाऱ्यालाही दिला आहे. दुसरा दोष आपण विसरतो. संयुत्त निकायात सावत्थीच्या एका निपुत्रिक श्रेष्ठीची कथा आहे. अफाट धन मागे ठेवून तो गेला, पण जगला कण्या खाऊन. ते धन त्याने स्वतःलाही सुख द्यायला वापरले नाही, आईवडील, बायकामुले, नोकर, मित्र यांनाही नाही आणि दानही केले नाही, अशी भगवंतांची टीका आहे.

दीघ निकायातल्या सिगालोवाद सुत्तात तर विभागणीच दिली आहे. मिळकतीचे चार भाग करावेत. एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यात घालण्यासाठी आणि एक अडचणीच्या दिवसांसाठी राखून ठेवावा. त्याच सुत्तात धन वाहून जाण्याची सहा द्वारे सांगितली आहेत: दारू, अवेळी रस्त्यावर भटकणे, तमाशे-खेळांची चटक, जुगार, वाईट संगत आणि आळस. मोबाइलवरचे पैसे लावून खेळायचे खेळ आणि सट्ट्याची ॲप्स यांना चौथ्या द्वाराखेरीज दुसरीकडे ठेवता येणार नाही.

आणखी एक सुत्त अनाथपिंडिकाला उद्देशून आहे. गृहस्थाची चार सुखे त्यात येतात. आपल्याजवळ काही आहे याचे सुख, ते उपभोगण्याचे आणि त्यातून पुण्यकर्मे करण्याचे सुख, कोणाचे देणे नसल्याचे सुख आणि निर्दोष आचरणाचे सुख. चौथे सर्वांत मोठे मानले आहे. उपभोगाला स्थान आहे, पण कर्ज काढून केलेला उपभोग दुसरे सुख मिळवताना तिसरे घालवतो, हे वेगळे सांगायला नको.

विसावा भाग

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरच्या भाषणात बाबासाहेबांनी धम्मकार्यासाठी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा भाग देण्याचा निर्धार करावा असे सांगितले. विसावा भाग म्हणजे पाच टक्के. त्याच वर्षी १८ मार्चला आग्र्याच्या सभेत शिकलेल्या वर्गाबद्दलची खंत त्यांनी बोलून दाखवली होती. दीक्षेनंतर दोन महिन्यांच्या आत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. विसाव्या भागाचे सांगणे हे समाजाला दिलेल्या त्यांच्या शेवटच्या सूचनांपैकी एक आहे. आपण बावीस प्रतिज्ञा पाठ म्हणतो, पण विसावा भाग फारसा कोणाच्या लक्षात नसतो.

पाच टक्क्यांचा आकडा जगातल्या इतर रूढींशी ताडून पाहिला तर अवाजवी वाटत नाही. शीख परंपरेत दसवंध म्हणजे दहावा भाग आहे. इस्लाममध्ये जकात आहे, ती साठवलेल्या संपत्तीवर अडीच टक्के. तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी १९७२ च्या एका निबंधात प्रश्न विचारला की डोळ्यांसमोर बुडणाऱ्या मुलाला वाचवताना कपडे खराब होतील म्हणून आपण थांबत नाही, मग दूरच्या माणसासाठी चैनीचा खर्च का थांबवत नाही? त्या विचारातून २००९ साली ऑक्सफर्डमध्ये उत्पन्नाचे दहा टक्के देण्याची शपथ घेणारी चळवळ उभी राहिली. आपल्याकडे कांशीराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातून सुरू केलेल्या हालचालींतून ६ डिसेंबर १९७८ ला बामसेफची रीतसर स्थापना झाली. शिकलेल्या नोकरदाराने समाजाचे देणे वेळ, बुद्धी आणि पैसा या तिन्ही रूपांत फेडावे, हा विचार त्या चळवळीने घरोघर नेला.

सिंगर यांचा युक्तिवाद आणि आपला यांत एक फरक आहे. तिथे देणारा सुखवस्तू आहे आणि घेणारा अनोळखी. आपल्यातला देणारा पहिल्यांदाच थोडा सावरलेला असतो आणि घेणारा त्याचा सख्खा चुलतभाऊ असतो. बहिणीची नर्सिंगची फी, काकांचे ऑपरेशन, गावच्या घराचे पत्रे, हे सारे त्याच्याच पगारातून जाते. वरच्या जातीतल्या सहकाऱ्याला त्याच पगारात वडिलोपार्जित शेत किंवा फ्लॅट असतो. म्हणून नातेवाइकांच्या शिक्षणावर आणि आजारपणावर जाणारा पैसा विसाव्या भागात धरावा, असे माझे स्वतःचे मत आहे. काही कार्यकर्त्यांना ते पटत नाही. ते म्हणतात, घर आणि समाज वेगळे ठेवा, नाहीतर समाजाच्या वाट्याला कधीच काही येत नाही. त्यांचेही खरे आहे. मधला मार्ग म्हणून निम्मा भाग घराबाहेरच्या कामासाठीच ठेवता येईल.

लोक दाखवण्यासाठी खर्च का करतात

थॉर्स्टिन व्हेब्लेन यांनी १८९९ साली दिखाऊ उपभोगाची कल्पना मांडली: माणूस वस्तू नुसती वापरण्यासाठी घेत नाही, आपली पायरी दाखवण्यासाठी घेतो. पुढे २००९ मध्ये कर्विन चार्ल्स, एरिक हर्स्ट आणि निकोलाय रुसानोव या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतला अभ्यास प्रसिद्ध केला. तेवढेच उत्पन्न असलेल्या गोऱ्यांपेक्षा कृष्णवर्णीय कुटुंबे कपडे, दागिने, गाड्या अशा दिसणाऱ्या वस्तूंवर जवळपास तीस टक्के जास्त खर्च करतात असे त्यांना आढळले. हा स्वभावदोष आहे का? त्यांचे उत्तर नाही असे होते. ज्याच्या समूहाला लोक गरीब समजतात, त्याला "मी गरीब नाही" हे दाखवायला जास्त खर्च करावा लागतो. गोऱ्यांमध्येही जिथे आजूबाजूचे लोक गरीब, तिथे हाच कल दिसला. आणि हा जास्तीचा पैसा शिक्षण, आरोग्य अशा न दिसणाऱ्या खर्चांतून येतो.

हे वाचताना मला बारामतीतल्या भिगवण रस्त्यावरची दुकाने आठवतात. आपला मुलगा मळक्या शर्टात शिरला तर दुकानदार त्याच्याकडे बघत नाही, ब्रँडेड बुटात शिरला तर खुर्ची देतो. खोली भाड्याने मागताना, मुलगी बघायला जाताना हाच अनुभव येतो. तेव्हा आपल्या तरुणांच्या गॉगलला, बुटांना हसणाऱ्यांनी आधी हे समजून घ्यावे. पण समजून घेणे वेगळे आणि त्यातच अडकून राहणे वेगळे. खुर्ची बुटांना मिळते. बूट झिजले की पुन्हा नवे घ्यावे लागतात. पदवी, घर, कसब आणि बँकेतली शिल्लक यांवर मिळालेली खुर्ची जास्त दिवस टिकते.

आपल्या भागात पैसा कुठे जातो

बारामतीत पियाजिओ, भारत फोर्ज यांसारखे कारखाने आहेत, टेक्स्टाइल पार्क आहे, दूध प्रक्रिया उद्योग आहे. इंदापूरकडे वालचंदनगर, भिगवणचा कागद कारखाना, लोणी देवकरची एमआयडीसी. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे साखर कारखाने. कालव्याच्या पाण्यावर आलेली ही समृद्धी जमीनदारांकडे आधी गेली. आपल्या वाट्याला मुख्यतः पगार आला. पगार हा जमिनीसारखा टिकून राहत नाही. महिना संपला की तो संपतो. म्हणून त्यातून काही टिकाऊ उभे करणे ही आपली गरज जास्त आहे.

घरभेटींत मला तोच तोच खर्च दिसतो. पहिला, लग्न. त्रिसरण, पंचशील, प्रतिज्ञा आणि पुष्पहार एवढ्यात होणारा बौद्ध विवाह हा आपल्या चळवळीने समाजाला दिलेला सर्वांत स्वस्त आणि सुंदर विधी आहे. त्याच्या भोवती आता हळदीचा डीजे, लग्नाआधीचे फोटोशूट आणि पाचशे माणसांचा मांडव चढला आहे. दुसरा, मोबाइल. तिसरा, गाडी. चौथा, जयंतीतला आवाज. जयंती उत्साहात व्हावी, यात वाद नाही. १४ एप्रिलला जी माणसे रस्त्यावर नाचतात त्यांच्या आजोबांना त्याच रस्त्यावरून वाजतगाजत जाता येत नव्हते. पण वर्गणीतला किती भाग भिंतीएवढ्या साउंडला आणि किती भाग अभ्यासिकेला, हे मंडळाच्या बैठकीत आकड्यांसह ठरवले पाहिजे. चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला आणि दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलवर गरीब माणूस जे पैसे मोजतो, ती आपली खरी हौस आहे.

आणि पाचवा खर्च डोळ्यांना दिसत नाही. तो म्हणजे व्याज. क्रेडिट कार्डावरची बाकी पुढे ढकलली तर बऱ्याच कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते. ३०,००० रुपये बाकी राहिली तर महिन्याला १,०५० रुपये नुसते व्याज. २४,००० पगाराचा विसावा भाग १,२०० होतो. म्हणजे जवळजवळ सगळे दान बँकेला. गावात महिलांच्या गटांना कर्ज देणाऱ्या फायनान्सबाबतही एक नियम माहीत हवा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज सूक्ष्मकर्जात मोडते आणि कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. ही कमाल मर्यादा आहे. निम्मा पगार हप्त्यात गेला तर घर चालत नाही.

एक नमुना हिशेब

समजा, हातात येणारा पगार २४,००० रुपये आहे.

- घरभाडे आणि लाइटबिल: ५,०००
- किराणा, दूध, गॅस: ८,०००
- शाळा, प्रवास, औषधे: ४,०००
- आवश्यक खर्च एकूण: १७,०००
- उरले: ७,०००

या सात हजारांतून आधी विसावा भाग, १,२०० रुपये, काढावा. आधी काढला तरच निघतो, शेवटी काही राहत नाही. उरलेल्या ५,८०० पैकी २,५०० अडचणीसाठी, १,३०० शिकण्यासाठी किंवा धंद्याच्या हत्यार-अवजारासाठी आणि २,००० स्वतःच्या हौसेसाठी. यात सिगालोवाद सुत्तातले चार भाग जसेच्या तसे नाहीत. पगारदाराला निम्मी मिळकत धंद्यात घालता येत नाही. पण तत्त्व तेच आहे: टिकणारे, राखून ठेवलेले आणि उपभोगलेले, तिघांनाही वाटा.

हौसेचे २,००० म्हणजे वर्षाला २४,०००. आता ६०,००० रुपयांचा मोबाइल "बिनव्याजी" चोवीस हप्त्यांत घेतला तर हप्ता २,५०० येतो. म्हणजे दोन वर्षांची सगळी हौस एका मोबाइलमध्ये संपली आणि वर महिन्याला ५०० रुपये दुसऱ्या खणातून गेले. एकही सिनेमा नाही, एकही नवा शर्ट नाही. एवढे करूनही तो मोबाइल हवा असेल, तर जरूर घ्यावा. पण आकडा बघून घ्यावा.

अडचणीच्या निधीत किमान तीन महिन्यांचा आवश्यक खर्च, म्हणजे या उदाहरणात ५१,००० रुपये, साठेपर्यंत मोठी हौस पुढे ढकलणे शहाणपणाचे. कंत्राटी कामगाराने सहा महिन्यांचे लक्ष्य ठेवावे. आणि त्याआधी दोन लहान कामे उरकावीत. प्रधानमंत्री सुरक्षा बिमा योजनेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघाती विमा आणि जीवन ज्योती बिमा योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचा आयुर्विमा बँक खात्यातून मिळतो. एका पिझ्झ्याच्या किमतीत दोन्ही होतात.

घेण्याआधी विचारायचे प्रश्न

१. ही वस्तू कर्जाशिवाय घेता येते का? नसेल तर, हप्त्याएवढी रक्कम सहा महिने आधी बाजूला टाकून बघितली का?
२. विसावा भाग आणि अडचणीचा भाग या महिन्यात काढून झाला का?
३. ही वस्तू कोणीही पाहणार नसते, तरी मी घेतली असती का?
४. घरातल्या बाईच्या, आईच्या, बहिणीच्या वाट्याला हौसेचा किती भाग आला? बऱ्याच घरांत हौस मुलाची आणि काटकसर बाईची असते. समतेचा हिशेब इथून सुरू होतो.
५. ही हौस पंचशीलाच्या विरोधात जाते का? दारूवरचा खर्च हौसेच्या खणात बसत नाही. बावीस प्रतिज्ञांनी तो खण बंद केला आहे.

कार्यकर्त्यांसाठी

दुसऱ्याच्या बुटांकडे बघून त्याची निष्ठा मोजू नका. सभेत एखाद्याच्या गाडीवर टोमणा मारला की तो पुढच्या सभेला येत नाही आणि वर्गणीही जाते. वर्गणी मागायची तर पावती द्या, हिशेब विहाराच्या फळ्यावर लावा. लोक द्यायला तयार असतात. पैसा कुठे गेला हे कळत नाही, म्हणून हात आखडतो. आणि जो कार्यकर्ता स्वतः दहा वर्षे एकही सुट्टी न घेता, फाटक्या चपलेत, घरच्यांना उपाशी ठेवून राबतो, त्यालाही सावत्थीच्या श्रेष्ठीची गोष्ट लागू आहे. थकलेला, चिडलेला माणूस चळवळ पुढे नेत नाही. वर्षातून एकदा बायकामुलांना घेऊन कुठेतरी जाऊन या. तो खर्च लपवू नका.

बुलेटवाल्या मुलाला मी शेवटी वरचा पहिला प्रश्न दिला. हप्ता साडेपाच हजारांच्या घरात होता. तेवढे पैसे दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाक म्हणाले. तीन महिने त्याने टाकले. चौथ्या महिन्यात बहिणीच्या कोर्सची फी आली आणि खात्यातून पैसे काढावे लागले. तो मला भेटला तेव्हा नाराज होता, पण एक गोष्ट त्याला कळली होती. गाडी घरी असती, तर फी कर्जाने भरावी लागली असती. सध्या तो जुन्याच गाडीवर कामाला जातो, खात्यात पुन्हा पैसे टाकतो आणि विहारातल्या अभ्यासिकेला महिन्याला तीनशे रुपये देतो. विसाव्या भागापेक्षा हे कमी आहे, हे तोच मला सांगतो. बुलेट तो घेणार आहे. घ्यावी त्याने. त्या दिवशी मंडळातल्या मुलांनी पेढे मागावेत, टोमणा मारू नये, एवढीच माझी विनंती.

जय भीम!